तुकड्याची बाटली आणि पहिला तास: सोलापुरातल्या ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, दंतवैद्य आणि नर्सिंग होम चालवणारी सर्व डॉक्टर मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मी हिस्टोपॅथॉलॉजीची टेक्निशियन आहे. ऑपरेशन टेबलावर आपण जी गाठ, जो तुकडा काढता, तो बाटलीतून आमच्याकडे येतो. तो पॅराफिनमध्ये बसवून ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे सेक्शन घ्यायचे, रंग द्यायचा आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्टच्या हातात द्यायची, हे माझं काम. रिपोर्टवर सही त्यांची असते. पेशंट आम्हाला ओळखत नाही, आपणही बहुतेक वेळा आम्हाला फोनवरच ओळखता. तरी हे पत्र लिहायचं धाडस करते आहे, कारण बाटलीचं झाकण सगळ्यात आधी माझ्या हातानं उघडतं आणि त्या क्षणी बरंच काही कळून चुकतं.

माझं मागणं एकच आहे. तुकडा शरीराबाहेर आल्यापासून पहिल्या तासात त्याचं काय होतं, याची जबाबदारी आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) एका माणसाच्या नावावर असू द्या.

पूर्वी तुकड्याला एकच प्रश्न विचारला जायचा: कॅन्सर आहे की नाही? थोड्याफार खराब झालेल्या तुकड्यातूनही त्याचं उत्तर बहुधा निघायचं. आता प्रश्न वाढले आहेत. स्तनाच्या गाठीला आपण विचारतो, ईआर आहे का, पीआर आहे का (बाईच्या संप्रेरकांना पकडणारी प्रथिनं), हर-टू (गाठ वाढवणारं प्रथिन) किती? फुफ्फुसाच्या तुकड्याला विचारतो, ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल आहे का, एएलके जनुकात आहे का? गळ्यातल्या गाठीला विचारतो, टीबी असेल तर रिफॅम्पिसिन हे त्यावरचं मुख्य औषध लागू पडेल का? औषध कोणतं द्यायचं ते या उत्तरांवर ठरतं. ही उत्तरं पेशीतल्या प्रथिनांत आणि डीएनएत असतात. गाठीचा रक्तपुरवठा तुटला की पेशींचीच एन्झाइम्स ती प्रथिनं खाऊ लागतात, आणि फॉर्मॅलिन आत पोचेपर्यंत ही नासाडी थांबत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो तेव्हा ती किती वेगानं होते, हे बाटली उघडल्यावर नाकालाच कळतं.

स्तनाच्या कॅन्सरचं आधी बोलते, कारण यात सगळ्यात जास्त नुकसान गरीब बाईचं होतं. गाठ ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन लागू पडतं. रोज एक गोळी, किमान पाच वर्षं, आणि किंमत काही रुपये. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिसलं की ईआर पॉझिटिव्ह बायकांनी ही गोळी पाच वर्षं घेतली, तर पुढच्या पंधरा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात. कुंभारीच्या वसाहतीत राहून दिवसभर विड्या वळणारी बाई असो की टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर बसणारी, ही गोळी तिला स्वतःच्या मजुरीतून घेता येते. कॅन्सरच्या औषधांत असं औषध दुर्मीळ. ती गोळी तिला मिळणार की नाही हे ठरतं आमच्या स्लाइडवर: पेशींची केंद्रकं तपकिरी झाली का, आणि शंभरात किती झाली. शंभरात एक जरी रंगलं तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात. पण तुकडा सहा-आठ तास उघड्यावर, नाहीतर सलाईनमध्ये पडून राहिला असेल, तर मुळात पॉझिटिव्ह असलेली गाठसुद्धा कोरी दिसू शकते. रिपोर्टवर येतं निगेटिव्ह. पुढे कुणी त्या रिपोर्टवर शंका घेत नाही. बाईला केमो मिळते, सगळे त्रास होतात, आणि जी गोळी तिला वर्षानुवर्षं सांभाळू शकली असती ती तिच्या फाइलीत कधी लिहिलीच जात नाही.

हे नुसतं भीतीपोटी बोलत नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळात केलेल्या ईआर-पीआर तपासण्या पुन्हा केल्या, तेव्हा जवळपास ४०० पेशंटचे निकाल चुकलेले निघाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगानं चौकशी केली, २००९ मध्ये अहवाल आला. तिथे यंत्रं होती, पैसा होता, सरकारी दवाखाने होते. घसरण झाली ती रोजच्या बारीकसारीक कामात. त्यातल्या बऱ्याच बायका निकाल दुरुस्त व्हायच्या आधीच गेल्या होत्या.

आता आपल्या जिल्ह्यातलं सांगते. गाव आणि दवाखाना सांगत नाही. एका उन्हाळ्यात सोमवारी सकाळी एक पॉलिथिनची पिशवी आली. आत पूर्ण स्तन, मास्टेक्टमी. ऑपरेशन शनिवारी संध्याकाळी झालेलं. पिशवीत फॉर्मॅलिन होतं, पण एवढंच की स्तनाचा खालचा भाग ओला राहावा. गाठीवर एकही काप दिलेला नव्हता. पेशंटचा मुलगा एसटीनं घेऊन आला होता, डब्याच्या पिशवीत घालून, वरून टॉवेल गुंडाळून. बिचाऱ्यानं जपून आणलं होतं. ग्रॉसिंगच्या वेळी, म्हणजे तुकडा कापून पाहताना, आमच्या लॅबमधल्या सरांनी सुरी घातली, तर बाहेरचा अर्धा-एक सेंटिमीटर भाग घट्ट आणि करडा, आणि मध्ये गाठ हिरवट, मऊ, सुरीला चिकटणारी. फॉर्मॅलिन तासाला साधारण १ मिलिमीटर आत जातं. वरून कातडी, मध्ये चरबी. चार-पाच सेंटिमीटर आत असलेल्या गाठीपर्यंत ते पोचणार कधी?

तरी आम्ही ब्लॉक केले. एच अँड ई या नेहमीच्या रंगाच्या स्लाइडवर कॅन्सर दिसला, तेवढं कळलं. पण ग्रेड ठरवताना पेशी नळ्या किती बनवताहेत, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत आणि विभाजन पावणाऱ्या पेशी किती दिसतात, हे तीन हिशेब मांडावे लागतात. तुकडा उशिरा फिक्स झाला की विभाजन पावणाऱ्या पेशी ओळखू येत नाहीत, मोजणी कमी भरते आणि आडदांड गाठ गरीब वाटू लागते. ईआर लावलं, शून्य आलं. इथे आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी जे केलं ते मला प्रत्येक डॉक्टरला दाखवावंसं वाटतं. त्यांनी गाठ बाजूला ठेवून त्याच स्लाइडवरच्या शेजारच्या निरोगी नलिका पाहिल्या. निरोगी स्तनाच्या नलिकांमधल्या काही पेशी ईआरला रंगतातच. इथे त्याही कोऱ्या होत्या. म्हणजे तपासणीच फसली होती, गाठीबद्दल ती काहीच सांगत नव्हती. मॅडमनी निगेटिव्ह लिहिलं नाही. लिहिलं: इंटर्नल कंट्रोल रंगलेला नाही, निष्कर्ष काढता येत नाही, आधीच्या ट्रू-कट बायोप्सीवर (ऑपरेशनआधी जाड सुईनं काढलेल्या तुकड्यावर) पुन्हा करावं.

ट्रू-कट केलीच नव्हती. गाठ हाताला लागली, बारीक सुईची तपासणी झाली आणि थेट स्तन काढला. आता परत कुठून तुकडा आणायचा?

म्हणून पहिली विनंती. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन करण्याआधी ट्रू-कट बायोप्सी घ्या आणि ईआर-पीआर-हर-टू त्यावर करून घ्या. त्यात निघणाऱ्या तुकड्याच्या काड्या शेवयांसारख्या बारीक असतात, फॉर्मॅलिन त्यांच्यात लगेच शिरतं आणि मार्कर, म्हणजे ईआर-पीआरसारख्या औषध ठरवणाऱ्या खुणा, सगळ्यात चांगले त्यांच्यावरच दिसतात. शिवाय आधी केमो द्यायची की आधी ऑपरेशन, हेही त्या रिपोर्टवरच ठरवता येतं. पूर्ण स्तन काढलात तर गाठीतून एक-दोन काप देऊन मगच बाटलीत टाका. काप द्यायला नको वाटत असेल तर फ्रीजमध्ये ठेवून लगेच आम्हाला फोन करा, आम्ही माणूस पाठवतो. पण रविवार आहे, सोमवारी बघू, असं कृपा करून करू नका.

फॉर्मॅलिनबद्दलही बोलायला हवं, कारण कितीतरी ओटींमध्ये त्याचा कॅन कोपऱ्यात असतो आणि आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. कुणी पूर्ण ताकदीचं वापरतं, कुणी अंदाजानं पाणी घालतं. लागतं ते १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन. बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, त्यात सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. एवढंच. बफर नसलेलं फॉर्मॅलिन दिवसेंदिवस आंबट होत जातं आणि रक्ताळलेल्या तुकड्यात काळपट-तपकिरी रंगद्रव्य साठतं. डीएनएचीही त्यानं वाट लागते, म्हणजे ईजीएफआरसारखी तपासणी पुढे अडते. तुकड्याच्या किमान दहापट द्रव असावा आणि बाटली रुंद तोंडाची असावी. सिरपच्या बाटलीत गाठ कोंबून आत घातली जाते. आत जाताना ती मऊ असते, फॉर्मॅलिननं घट्ट झाली की बाहेर निघत नाही, मग आम्ही बाटली फोडतो. हे वाचून आपल्याला नवल वाटेल, पण आमच्याकडे त्यासाठी हातोडी ठेवलेली आहे.

वेळेचा हिशेबही सोपा आहे. तुकडा काढल्यापासून तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे, आणि स्तनाच्या मार्करसाठी तो त्यात सहा तासांपेक्षा कमी आणि बहात्तर तासांपेक्षा जास्त राहता कामा नये. फॉर्मवर दोन वेळा लिहाव्या लागतात: कधी काढला, कधी बुडवला. दोन आकडे. ते नसतील तर निगेटिव्ह रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा हे पॅथॉलॉजिस्टला ठरवता येत नाही.

हर-टूचं थोडक्यात सांगते. त्याचे गुण शून्य ते तीन. तीन आले तर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध चालतं. दोन आले तर काठावर, मग फिश ही जनुकाची तपासणी करावी लागते, ब्लॉक बाहेरगावी जातो, घरची माणसं रोज फोन करतात. २०१४ पासून त्याचं देशी बनावटीचं बायोसिमिलर (तसंच काम करणारं औषध) मिळू लागल्यावर किंमत उतरली, तरी सोनं मोडून औषध आणणारी घरं मी पाहते आहे. तुकडा वाईट फिक्स झाला की कडेच्या पेशी उगाच रंगतात आणि काठावरचे रिपोर्ट वाढतात. म्हणजे आणखी एक तपासणी, आणखी दोन आठवडे, आणखी खर्च.

आता गळ्यातली गाठ. टीबी म्हणजे आपल्याकडे परका आजार नाही. मानेतली गाठ काढली की ती आख्खी फॉर्मॅलिनमध्ये टाकायची ही सवय हाताला बसलेली आहे. तिथंच चूक होते. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो. त्या तुकड्यावर कल्चर होत नाही, जंतूचा डीएनए शोधणारी सीबीनॅट तपासणीही भरवशाची राहत नाही. स्लाइडवर ग्रॅन्युलोमा (पेशींचे पुंजके) आणि चिजासारखा मेलेला भाग दिसतो, पॅथॉलॉजिस्ट टीबीशी सुसंगत असं लिहितात, औषधं सुरू होतात. पण जंतूवर रिफॅम्पिसिन चालणार की नाही, हे स्लाइड सांगू शकत नाही. ते जंतूच्या आरपीओबी नावाच्या जनुकात असतं. ते वाचायला सीबीनॅट यंत्राला सुमारे दोन तास पुरतात, आणि टीबी निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी फुकट आहे. मग गाठीचे दोन भाग करा. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, एक भाग स्वच्छ सलाईनमध्ये, आणि सलाईनची बाटली त्याच दिवशी टीबी विभागात. दोन्ही बाटल्यांवर ठळक अक्षरांत लिहा, नाहीतर वॉर्डबॉय दोन्ही आमच्याकडेच आणून ठेवतो.

उलटही होतं. मानेतली गाठ म्हणजे टीबीच, असं धरून तुकडा न काढता सहा महिने गोळ्या दिल्या जातात आणि गाठ वाढतच राहते. अशाच एका कॉलेजच्या मुलाची गाठ अखेर आमच्याकडे आली. स्लाइडवर दोन केंद्रकांच्या त्या मोठ्या पेशी दिसल्या, सीडी-३० आणि सीडी-१५ हे मार्कर लावल्यावर खात्री झाली: हॉजकिन लिम्फोमा. हा बरा होणारा कॅन्सर आहे. त्या मुलाचे सहा महिने वाया गेले, आणि मार्कर लावायला तुकडाच नव्हता म्हणून गेले.

दंतवैद्य मंडळींना वेगळं सांगायचं आहे. मावा, गुटखा, मशेरी यांचं प्रमाण आपल्या जिल्ह्यात काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. रोज उघडी तोंडं तुम्ही बघता. गालात पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली की तुम्ही तुकडा काढता, याबद्दल मनापासून आभार, कारण अजूनही कितीतरी जण आधी मलम देऊन महिना घालवतात. फक्त जखमेच्या मधला मेलेला भाग काढू नका, कड घ्या, आणि थोडं खोल घ्या. वरवरचा पापुद्रा आला तर पेशी तळाचा पडदा फोडून खाली उतरल्या आहेत का, ते आम्हाला दिसतच नाही, आणि त्यावरच तर सगळं अवलंबून.

तोंडाच्या कॅन्सरला स्तनासारखा औषध ठरवणारा रोजच्या वापरातला मार्कर अजून नाही. इथे तुकड्याचं रूप हेच मार्गदर्शक. गाठ किती खोल गेली आहे हे शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळापासून मिलिमीटरमध्ये मोजतात. पाचच्या पुढे गेली की टप्पा बदलतो, दहाच्या पुढे गेली की पुन्हा बदलतो. नसेभोवती पेशी शिरल्यात का, कड किती मिलिमीटर मोकळी आहे, मानेतल्या गाठीचं कवच फुटलंय का, यावर रेडिएशन द्यायचं की नाही ठरतं. टाटा मेमोरियलनं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरला गाठीबरोबरच मानेच्या गाठीही काढल्या त्यांच्यात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, आणि मानेचं ऑपरेशन पुढे गरज पडली तर करू म्हणून थांबले त्यांच्यात ६७.५ टक्के. पहिल्या तुकड्यातून खोली नीट मोजता आली तर हा निर्णय घेणाऱ्या सर्जनचा हात बळकट होतो. आणि सर्जन मंडळी, काढलेल्या गाठीला टाका घालून दिशा दाखवा. आखूड टाका वरच्या बाजूला, लांब टाका बाहेरच्या बाजूला, एवढं पुरतं. नाहीतर एक कड फक्त दोन मिलिमीटर मोकळी आहे असं आम्ही कळवतो आणि ती कुठली कड ते कुणालाच सांगता येत नाही. कॉटरीनं (ऑपरेशनच्या विजेच्या सुरीनं) जळालेल्या कडेचंही तेच, तिथेही नीट सांगता येत नाही.

गालाच्या कॅन्सरला पी-१६ हा मार्कर करून आणा असं सांगितलेली चिठ्ठी हल्ली वरचेवर येते. पी-१६ चा उपयोग घशाच्या मागच्या भागातल्या, टॉन्सिल-जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये आहे, तिथे तो टप्पाच बदलतो. गालाच्या, हिरडीच्या कॅन्सरमध्ये त्यानं उपचार बदलत नाही. मग त्या माणसाच्या खिशातून ते पैसे का काढायचे? मार्करच्या नावाखाली एकगठ्ठा तपासण्यांची मोठमोठी पॅनेल विकली जातात, प्रतिनिधी दवाखान्यात येऊन रंगीत पत्रकं ठेवून जातात. प्रत्येक मार्कर लिहिताना मनाशी एकच विचारा: याचा रिपोर्ट काहीही आला तरी माझं औषध तेच राहणार आहे का? तसं असेल तर नका लिहू.

फुफ्फुसाच्या बाबतीत मात्र उलटी विनंती. सीटी लावून सुईनं काढलेला तुकडा एवढासा असतो, आणि फॉर्मवर लिहिलेलं असतं फक्त: फुफ्फुस, कॅन्सर? आम्ही एकामागून एक रंग लावत जातो, ब्लॉकमधला तुकडा झिजत जातो, आणि ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारचा कॅन्सर आहे हे कळेपर्यंत ईजीएफआरला काही उरत नाही. आपल्या देशात या प्रकारच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत ईजीएफआरचा बदल सापडतो आणि त्यावर गोळ्यांचा उपचार आहे. पेशंटनं कधी तंबाखू खाल्ली-ओढली आहे का, आधी कुठला कॅन्सर होता का, टीबीची औषधं चालू आहेत का, आणि पुढे ईजीएफआर-एएलके करायचं आहे का, एवढं फॉर्मवर आलं तर आम्ही पहिल्याच बैठकीत जास्तीचे सेक्शन कापून ठेवतो. ब्लॉक मायक्रोटोमला पुन्हा लावला की तो सपाट होईपर्यंत बराच तुकडा वाया जातो. दुसऱ्यांदा छातीत सुई घालून घ्यायला कुणीही पेशंट खुशीनं येत नाही.

खर्चाचं एक कोडं आपल्या हातात नाही, पण आपण मांडलंत तर कुणी ऐकेल. आयुष्मान भारत योजनेत भरतीआधीच्या तीन दिवसांच्या तपासण्या धरल्या जातात. बायोप्सी, मग आयएचसी (मार्करचे रंग लावून पाहणं), मग गरज पडली तर फिश, हे तीन दिवसांत होत नाही, कुठेच होत नाही. परिणामी उपचार योजनेतून आणि उपचार ठरवणारी तपासणी घरच्या पैशातून, असा उलटा प्रकार होतो. आयएमएच्या सोलापूर शाखेनं आणि मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापकांनी मिळून जिल्हा प्रशासनापुढे हे मांडावं. कॅन्सरची शंका असलेल्या बायोप्सीवरच्या आवश्यक मार्करना या तीन दिवसांच्या अटीतून मोकळीक हवी.

ब्लॉक कुणाचा, हा वादही आता मिटायला हवा. आपले पेशंट बार्शीला जातात, पुण्याला जातात, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून टाटाला जातात, पूर्व भागातली तेलुगू कुटुंबं हैदराबाद गाठतात. तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न येतो: स्लाइड आणि ब्लॉक आणलेत का? त्यांच्याकडे रिपोर्टची झेरॉक्स असते. मग एक माणूस परत सोलापूरला. काही ठिकाणी ब्लॉक मागितला की रागावतात, आमच्यावर विश्वास नाही का म्हणतात. असं करू नका. मोठ्या केंद्रात ब्लॉक पुन्हा पाहतात ती पद्धतच आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. डिस्चार्ज कार्डावर ब्लॉक नंबर आणि लॅबचं नाव लिहा आणि नातेवाइकांना सांगा, बाहेर जाणार असाल तर आधी लॅबमधून ब्लॉक घ्या. आम्ही रजिस्टरवर सही घेऊन देतो.

हे सगळं मोठ्या शहरांत जमतं, आपल्याकडे कसं जमायचं, असं कुणी म्हणू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीत, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर (आयएआरसी) शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात खेडोपाडी फिरून १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका अभ्यासात घेतल्या. वय ३० ते ५९. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची डीएनए तपासणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, आणि नेहमीचीच सोय असलेल्या गटात ६४. ही रेणूंची तपासणी होती, आणि ती अशा गावांतून झाली जिथे दिवसातून एकदोनदाच एसटी येते. नमुना घेणाऱ्या नर्सेसना नीट शिकवलं होतं, नळीवर नाव नीट लिहिलं होतं, नमुना वेळेत पोचवला होता. त्या निकालामुळे जगभरात तपासणीची धोरणं बदलली. बार्शी आपल्यापासून सत्तर किलोमीटरवर आहे.

गर्भपिशवी काढल्यावर ती तपासणीला पाठवायची की नाही, यावर मी इथे जास्त लिहीत नाही. पाठवायची. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पिशवी काढून ती तशीच कचऱ्यात जाते हे ऐकलं की झोप लागत नाही.

आता काय करता येईल ते. आमच्या लॅबमध्ये न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन भरलेल्या रुंद तोंडाच्या बाटल्या तीन मापांत तयार ठेवतो आहोत. वर पेशंटचं नाव, बाजू, काढल्याची वेळ आणि बुडवल्याची वेळ लिहायची जागा असलेलं लेबल आधीच चिकटवलेलं आहे. लेबल झाकणावर नको, बाटलीवरच, कारण झाकणं अदलाबदल होतात. शहरातल्या बाकीच्या लॅबनीही हेच लेबल वापरावं असं त्यांच्या टेक्निशियनांशी माझं बोलणं चालू आहे, बहुतेक तयार आहेत. आयएमएनं एकच फॉर्म ठरवून दिला तर काम आणखी सोपं होईल. पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, करमाळा या बाजूच्या डॉक्टरांनी रोजच्या मेडिकल पार्सलच्या गाड्यांबरोबर बाटल्या पाठवण्याची सोय आपसात ठरवली, तर नातेवाइकांना हेलपाटे पडणार नाहीत.

आणखी एक. आपल्या ओटीत तुकडा हातात घेणारी व्यक्ती म्हणजे सिस्टर, नाहीतर वॉर्डबॉय मामा. त्यांना कुणी कधी शिकवलेलं नसतं. त्यांना आमच्याकडे पाठवा. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारनंतर आमचं ग्रॉसिंग उरकलेलं असतं. तेव्हा मी स्वतः त्यांना बाटली कशी भरायची, गाठीला काप कुठे द्यायचा, सलाईनमध्ये काय आणि फॉर्मॅलिनमध्ये काय, हे हातात देऊन दाखवीन. नीट फिक्स झालेल्या आणि नासलेल्या तुकड्याच्या ईआरच्या दोन स्लाइड शेजारी शेजारी ठेवून मायक्रोस्कोपमधून दाखवायला मॅडम तयार आहेत. आपणही आलात तर फारच बरं. फी नाही, प्रमाणपत्र नाही, चहा आहे. येण्याआधी लॅबच्या फोनवर किती जण येणार तेवढं कळवा, कारण खोली लहान आहे आणि मायक्रोस्कोपवर एका वेळी दोघांनाच बघता येतं.

आपली,
हिस्टोपॅथॉलॉजी विभागातली एक टेक्निशियन
सोलापूर